छोट्या ओढ्यातल्या ट्राउट माशासाठी हलका फ्लाय रॉड कोणता घ्यावा?

ओढ्याकाठी (त्रिमूर्तीनगर) · शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जातोय आणि या वेळी स्वतःचा रॉड घेऊन जायचं नक्की केलं आहे. कोणता घ्यावा यावर तुमची मदत हवी.

मागच्या वर्षी पहिल्यांदा गेलो होतो. लहानपणापासून बाबांबरोबर कन्हानच्या काठावर गरी घेऊन बसायची सवय, त्यामुळे मासेमारी नवीन नव्हती. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला पिसांचा खोटा किडा, मात्र पहिल्यांदाच हातात घेतली. जिथे उतरलो होतो तिथून ९ फुटी, ५ वेटचा कडक रॉड भाड्याने मिळाला. गुशैणीजवळ तीर्थनला फलाचन नावाचा ओढा येऊन मिळतो, मी दोन दिवस तिथे घालवले. पात्र रुंदीला फार तर पंधरा-वीस फूट, दोन्ही बाजूंनी झाडं पाण्यावर ओणवलेली. मागे दोर फेकला की फांदी, पुढे फेकला की फांदी. दोन दिवसांत अकरा फ्लाय झाडांवर राहिल्या आणि मासा एकही नाही. मासे मात्र डोळ्यांसमोर होते. दगडाच्या सावलीत नाक वर करून उभे, वरून काही वाहत आलं की हळूच तोंड उघडायचे. ते दृश्य वर्षभर डोक्यातून गेलेलं नाही.

आता माझ्यासमोर तीन पर्याय आहेत:
७ फुटी, ३ वेट, फायबरग्लास.
८ फूट ६ इंची, ३ वेट, कार्बन.
तेनकारा, म्हणजे रीळ नसलेला जपानी पद्धतीचा लांब रॉड.

रॉड, रीळ, लाइन सगळं मिळून पंधरा-सोळा हजारांच्या आत बसवायचं आहे. नागपुरात हातात घेऊन बघायची सोय नाही, मागवावाच लागेल. म्हणून आधी विचारतोय.

तर्रीपोहे · शनिवार, रात्री १०:३०

फेब्रुवारी संपला नाही आणि बाहेर आत्ताच ३५. अशात हिमालयाच्या पाण्याचा धागा काढलात, वाचूनच गार वाटलं राजेहो. चालू द्या.

गरीवाला_कामठी · शनिवार, रात्री ११:०५

भाऊ, आम्ही चाळीस वर्षं बांबूची काडी, तंगूस आणि गांडूळ यावर मासे धरून राहिलो. मरळ धरली, शिंगटा धरला, पाच किलोचा कटला धरला. अडीचशे ग्रॅमच्या मासोळीसाठी सोळा हजार काहून पाहिजे? चिडवत नाही, खरंच समजून घ्यायचं आहे. आणि ही ३ वेट, ५ वेट काय भानगड आहे? रॉडचं वजन?

मुग्धा_मनीषनगर · रविवार, सकाळी ८:२०

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि धाग्याचं मूळ त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या गरीला गळाशी शिशाची गोळी असते. ते वजन पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळाला दोरा-पिसं बांधून केलेला किडा. तिला वजन जवळपास नसतंच, मच्छर फेकून बघा किती लांब जातो. म्हणून इथे उलटं करतात. लाइनच जाड आणि वजनदार असते, रॉड ती लाइन फेकतो आणि फ्लाय तिच्या शेपटीला जाते.

'वेट' हा लाइनच्या वजनाचा आकडा. पहिल्या ३० फूट लाइनचं वजन मोजतात. ३ वेटला ते १०० ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. ४ वेटला १२०, ५ वेटला १४० ग्रेन. रॉडवर ३ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, हा रॉड साडेसहा ग्रॅमच्या ओढीने व्यवस्थित वाकेल असा बनवला आहे.

आता ओढ्याकाठींचा घोटाळा कुठे झाला ते बघा. पंधरा-वीस फुटांच्या ओढ्यात रॉडच्या टोकाबाहेर लाइन निघते जेमतेम दहा फूट, बाकी पुढे लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक दोरा. ३ वेटची दहा फूट लाइन म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास, तीन-चार शेंगदाण्यांएवढी. ५ वेट घेतली तरी तीन ग्रॅम. तीस फूट लाइनसाठी घडवलेला कडक रॉड एवढ्याशा ओढीने वाकतच नाही. रॉड वाकला नाही की माणूस दंडाने जोर लावतो, आणि जोर लावला की लाइन झाडात.

सह्याद्रीपार · रविवार, सकाळी ९:४८

मुग्धाताईंनी नेमकं सांगितलं. मी सहा वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियात होतो, तिथे शेनान्डोआच्या डोंगरांतल्या ओढ्यांवर ब्रूक ट्राउटसाठी जायचो. पात्र आपल्या गल्लीएवढं, वर झाडांचं छत. त्या अनुभवावरून माझं मत पहिल्या पर्यायाला, ७ फुटी फायबरग्लास.

कारण फायबरग्लास मुळापासून वाकतो. कार्बनचा कडक रॉड शेंड्याशी वाकतो आणि झटकन सरळ होतो. लांब फेकीला तो उत्तम, पण जवळच्या फेकीत हाताला काही कळतच नाही. ग्लासच्या रॉडमध्ये दहा फूट लाइन बाहेर असली तरी मुठीत ओढ जाणवते. मग हात आपोआप थांबतो आणि त्या थांबण्यातच सगळी फेक असते. दुसरी गोष्ट, नऊ इंची मासा लागला तरी रॉड दांड्यापर्यंत वाकतो, आणि वाकणारा रॉड बारीक दोरा तुटू देत नाही.

रिळावर पैसे घालवू नका. एवढ्या माशाला ब्रेक लावायची वेळ येत नाही, रीळ म्हणजे लाइन गुंडाळायची डबी. साधं कटकट वाजणारं हलकं रीळ घ्या आणि वाचलेले पैसे लाइनमध्ये टाका. लाइन 'डबल टेपर' घ्या. दोन्ही टोकं सारखी निमुळती असतात, एक टोक झिजलं की उलटी करून लावता येते. म्हणजे एका पैशात दोन.

देवदारछाया · रविवार, दुपारी १:१५

इथे मी थोडा वेगळा सूर लावतो. मूळचा धंतोलीचा, नोकरीनिमित्त अकरा वर्षं कुल्लूत. तीर्थन, सैंज, बरोटची ऊहल, या तिन्ही नद्यांवर बऱ्यापैकी उभा राहिलो आहे.

सह्याद्रीपार, तुमचा ओढा आणि आमचा ओढा यांत फरक आहे. तुम्ही सांगता ते शांत डोह आणि झाडांचा बोगदा. तीर्थनचं मुख्य पात्र म्हणजे म्हशीएवढे धोंडे आणि त्यांच्यामधून उसळणारं पाणी. मासा धोंड्यामागच्या ताटाएवढ्या संथ जागेत असतो. तुमच्या आणि त्या ताटाच्या मध्ये दोन-तीन वेगवेगळ्या गतीचे प्रवाह. लाइन त्या प्रवाहांवर पडली की ती फ्लाय ओढून नेते. खरा किडा पाण्याबरोबर वाहतो, ओढलेला किडा पाण्याला चिरत जातो. ट्राउटला हा फरक क्षणात कळतो. म्हणून रॉड लांब हवा, हात उंच करून लाइन पाण्यावरून उचलून धरता आली पाहिजे. ७ फुटात ते होत नाही. माझं मत दुसऱ्या पर्यायाला, आणि तोसुद्धा ४ वेटमध्ये मिळाला तर बरं, कारण दुपारनंतर त्या दरीत वारा सुटतो.

ओढ्याकाठी · रविवार, दुपारी २:०२

दोघांचंही पटतंय हीच अडचण आहे. देवदारछाया, माझा बहुतेक वेळ फलाचनवरच जाणार. मुख्य नदीवर फार तर एक-दोन संध्याकाळी.

देवदारछाया · रविवार, दुपारी २:४०

फलाचनचा खालचा भाग असेल तर माझं मत थोडं सैल करतो. तिथे झाडी आहे हे खरं, अल्डरच्या फांद्या अगदी पाण्याला टेकतात. पण मग ७ नको, साडेसात तरी घ्या. अर्धा फूट म्हणजे काही नाही असं वाटेल, पण धोंड्याआड गुडघ्यावर बसून हात लांब केला की तो अर्धा फूट मोजून कामाला येतो.

दुसरं, वेळ. ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, त्या थंडीतच ब्राउन ट्राउट वाळू-गोट्यांत अंडी घालतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी स्वच्छ असतं. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते आणि गढूळ होते, मग पाऊस. पुन्हा चांगले दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे. तुमची एप्रिलची निवड योग्य आहे. मत्स्य विभागाचा परवाना पहिल्याच दिवशी काढा. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते, तिच्या आत गळ टाकायचा नाही.

सह्याद्रीपार · रविवार, दुपारी ३:१०

साडेसात मान्य. ग्लास सोडणार नाही.

कटांग (गोंदिया) · रविवार, संध्याकाळी ६:३३

तेनकाराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे आहे, बारा फुटी. रीळ नाही, कड्या नाहीत, शेंड्याला दोर बांधायचा आणि त्याला फ्लाय. मिटला की वीतभर-दोन वीत, पिशवीत मावतो. वर देवदारछाया म्हणाले ते लाइन पाण्यावरून उचलून धरणं यात आपोआप होतं, दोर पाण्याला लागतच नाही. जपानच्या डोंगराळ ओढ्यांसाठीच ही पद्धत तयार झाली, आणि तिथले ओढे तीर्थनसारखेच धोंड्यांचे. तुमच्या बजेटच्या निम्म्यात काम होईल.

गरीवाला काका, खरं सांगायचं तर तेनकारा म्हणजे तुमचीच काडी आहे, फक्त कार्बनची.

गरीवाला_कामठी · रविवार, संध्याकाळी ७:०१

हे वाचून जीव थंड झाला बाप्पा.

मुग्धा_मनीषनगर · रविवार, संध्याकाळी ७:२५

कटांग, एक काळजीची गोष्ट तुमच्या निमित्ताने सर्वांसाठी. कार्बनमधून वीज वाहते. बारा फुटी रॉड उभा धरला की टोक पंधरा-अठरा फुटांवर जातं, आणि डोंगरी गावांत ओढ्यावरून विजेच्या तारा बऱ्याच खालून गेलेल्या असतात. रॉड उघडायच्या आधी वर बघायची सवय लावून घ्या. ढग गडगडला की रॉड खाली ठेवा आणि त्याच्यापासून लांब व्हा.

देवदारछाया · रविवार, रात्री ८:१०

मुग्धाताईंना अनुमोदन. तेनकारा चांगला आहे, पण फलाचनच्या झाडीत बारा फूट उभं धरायला जागा कुठे आहे? मोकळ्या पात्रात तो राजा, फांद्यांखाली अडचण. आणि एखादा दीड किलोचा ब्राउन लागला तर सोडायला लाइनच नाही. माझ्यासमोर एकाचा शेंडा तसाच गेला.

सावलीतला_बांबू (चंद्रपूर) · सोमवार, सकाळी ७:५०

धागा बघून राहवलं नाही. बांबूच्या रॉडबद्दल कोणी बोलेल का? मी बांबूकामात आहे. ऐकलं होतं की पूर्वी हे रॉड बांबूचेच असत.

सह्याद्रीपार · सोमवार, सकाळी ९:०५

असत काय, आजही हाताने बनवणारे आहेत आणि त्यांची किंमत ऐकून बसायला खुर्ची लागेल. बांबू उभा चिरून त्रिकोणी छेदाच्या सहा पट्ट्या काढतात, प्रत्येक पट्टी शेंड्याकडे निमुळती तासतात आणि सहा एकत्र चिकटवून षट्कोनी काठी करतात. तासणी केसाच्या जाडीच्या हिशेबाने. आज त्यासाठी चीनच्या ग्वांगडाँगमधला टोंकिन बांबू वापरतात.

पण तुमच्यासाठी खास गोष्ट पुढे आहे. टोंकिन येण्याआधी, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत हे रॉड बनायचे ते 'कलकत्ता केन'पासून. नाव कलकत्त्याचं, कारण माल त्या बंदरातून जायचा. जात मात्र डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस.

सावलीतला_बांबू · सोमवार, सकाळी ९:२२

म्हणजे मानवेल!! आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगरावर उभी आहे ती. भरीव, जाड सालीची, म्हणूनच लाठीला तीच लागते. दोन पेरांमधलं अंतर कमी आणि पेर जरा फुगीर, त्यामुळे एवढी बारीक पट्टी सरळ निघणं कठीण जाईल. पण निघणार नाही असं नाही. डोंगराच्या कोरड्या उतारावरची तीन वर्षांपुढची काठी निवडावी लागेल, आणि तासायच्या आधी पेरं विस्तवावर शेकून सरळ करावी लागतील. ओढ्याकाठी, एप्रिलला नाही, पण पावसाळ्यानंतर मी एक करून बघतो. मला मापं द्या.

सह्याद्रीपार · सोमवार, सकाळी ९:३०

मापं आज रात्री पाठवतो. खरंच करा.

जलचर · सोमवार, दुपारी १२:४४

सर्वांचा उत्साह बघून आनंद होतो, पण एक मुद्दा मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही. ब्राउन ट्राउट आपला मासा नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मिरात आणला, तिथून १९०९ मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. हिमालयाच्या नद्यांचा मूळ मासा स्नो ट्राउट. नाव ट्राउट असलं तरी तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. ब्राउन त्याची पिल्लं खातो. मग आपण 'पकडा आणि सोडा' म्हणत परक्या माशाला जपतो, हे कितपत योग्य?

देवदारछाया · सोमवार, दुपारी १:३०

जलचर, मुद्दा खरा आहे आणि तो टाळू नये. माझी बाजू एवढीच: शंभर वर्षांनंतर तो मासा त्या नद्यांतून काढणं आता शक्य राहिलेलं नाही. आणि तीर्थनसारख्या दरीत नदी वाहती राहावी, तिच्यात वाळूउपसा होऊ नये, म्हणून जे लोक उभे राहतात त्यांत ट्राउटवर पोट असलेली घरं बरीच आहेत. त्या वाहत्या पाण्यात स्नो ट्राउटही जगतो.

जलचर · सोमवार, दुपारी २:०५

नदी वाचते हे मान्य. तरी माझी एक विनंती ओढ्याकाठींना: स्नो ट्राउट लागला तर त्याला पाण्याबाहेर न काढताच सोडा. ओळखायला सोपा, तोंड खालच्या बाजूला, खवले बारीक, अंगावर लाल ठिपके नाहीत.

ओढ्याकाठी · सोमवार, दुपारी २:११

नक्की. गळाच्या टोकाचे उलटे काटे पक्कडीने दाबूनच नेणार आहे, म्हणजे कोणताही मासा लागला तरी इजा कमी.

तर्रीपोहे · सोमवार, रात्री ९:००

या माशाला नागपुरात का नाही सोडत कोणी? अंबाझरीत?

मुग्धा_मनीषनगर · सोमवार, रात्री ९:१६

पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा जीव घाबरतो. पाणी तापतं तसा त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि माशाला तापलेल्या अंगाला तो जास्त लागतो. आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी हात भाजतं. अंबाझरीत तिलापिया खूश आहे, राहू द्या.

प्रवासी_पक्षी · मंगळवार, सकाळी १०:२०

रॉड कोणताही घ्या, पण चार तुकड्यांचाच. साडेसात फुटी रॉड चार तुकड्यांत केला की एकेक तुकडा दोन फुटांच्या आत येतो, नळी पाठपिशवीला बांधता येते. मी दोन तुकड्यांचा घेतला होता. रेल्वेत वरच्या बर्थवर पायाशी ठेवला आणि रात्रभर जागा राहिलो. तो वाचला, आणि घरी आल्यावर लेकीला दाखवायला दिवाणखान्यात जोडला. पंखा चालू होता. शेंड्याचे चार इंच गेले.

जोड घट्ट बसवा आणि दर अर्ध्या तासाने चाचपून बघा. फेकता फेकता जोड सैल होतो, आणि सैल जोडावर फेक केली की नेमका तिथेच रॉड चिरतो. बाहेरून मागवणार असाल तर जकातीचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. माझ्या पार्सलवर वस्तूच्या किमतीच्या जवळपास चाळीस टक्के भरावे लागले होते.

दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या बसने जाणार असाल तर तीर्थनसाठी औटचा बोगदा यायच्या आधी उतरा. झोप लागली तर थेट कुल्लू.

संत्राबाग_काटोल · मंगळवार, रात्री ८:४५

मला मासेमारीतलं काही कळत नाही, धागा मात्र पहिल्यापासून वाचतोय. ओढ्याकाठी भाऊ, तुमची अडचण फांद्यांची आहे ना? माझ्या बागेत या. सहा बाय सहा मीटरवर संत्र्याची झाडं, जुनी बाग आहे, फांद्या एकमेकींना भिडलेल्या आणि जमिनीपासून चार फुटांवर आलेल्या. मधून शेततळ्याकडे जाणारी चारी आहे. तुम्ही सांगता तसाच बोगदा. तळ्यात रोहू आणि तिलापिया आहेत. अंबियाचा फुलोरा आत्ता लागला आहे, तेवढा सांभाळा, कळी झडली तर माझं फळ गेलं.

ओढ्याकाठी · मंगळवार, रात्री ८:५२

भाऊ, हा या धाग्यावरचा सगळ्यात मोठा प्रतिसाद आहे. मी लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर सराव करायचा विचार करत होतो.

सह्याद्रीपार · मंगळवार, रात्री ९:३०

प्लॉटवर साधी फेक शिकता येईल, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. पण तुम्हाला लागणार आहे रोल कास्ट, ज्यात लाइन मागे जातच नाही. समोर पाण्यावर पडलेली लाइन हळूहळू मागे ओढायची, हात कानाशी आला की क्षणभर थांबायचं, लाइनचा पोटासारखा झोळ खांद्यामागे लोंबला की हातोडीने खिळा ठोकावा तसं पुढे. झोळ उलगडत जातो. ही फेक गवतावर होत नाही, कारण पाण्याने लाइन धरून ठेवली तरच रॉड वाकतो. शेततळं म्हणूनच सोन्यासारखं आहे.

दुसरी फेक धनुष्यासारखी. फ्लाय चिमटीत, गळाच्या वाकणाशी धरायची, टोक बोटाकडे नको, रॉड वाकवायचा आणि सोडून द्यायचा. फांदीखालच्या पोकळीत घुसायला याहून चांगलं काही नाही.

ओढ्याकाठी · ९ मार्च, रात्री १०:४०

रॉड आला. साडेसात फुटी, ३ वेट, फायबरग्लास, चार तुकडे. सोबत साधं रीळ, डबल टेपर लाइन, साडेसात फुटी लीडर आणि पुढे ५ एक्सचं टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचा ०.१५ मिलिमीटरचा बारीक दोरा. सगळं मिळून साडेपंधरा हजार. आज काटोलला जाऊन आलो. पहिला तास झोळ उलगडायच्या आधीच कोसळत होता. मग संत्राबाग भाऊंच्या आई तळ्याच्या बांधावर येऊन बसल्या, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "घाई कायले करतं बाबू, त्या दोरीले येऊ तर दे." पुढच्या फेकीला थांबलो. लाइन चारीतून सरळ गेली, दोन झाडांच्या मधून, आणि लोकर पाण्यावर आवाज न करता बसली.

सह्याद्रीपार · ९ मार्च, रात्री ११:००

माझ्या दोन परिच्छेदांपेक्षा त्या माऊलीचं एक वाक्य भारी. त्यांना माझा नमस्कार सांगा.

ओढ्याकाठी · २१ एप्रिल, रात्री ९:१५

परत आलो, सविस्तर लिहितो म्हणालो होतो.

मुख्य नदीवर देवदारछाया म्हणाले तेच झालं. दोन संध्याकाळी उभा राहिलो. धोंड्यापलीकडच्या संथ जागेत फ्लाय पडायची आणि मधला प्रवाह लाइन ओढून न्यायचा. रॉड तिथे आखूड पडतो. शेवटी भाड्याने साडेआठ फुटी ४ वेट घेतला आणि अर्ध्या तासात फरक कळला. कोणी मुख्य पात्रासाठीच रॉड घेणार असेल तर माझा घेऊ नका.

फलाचनवर मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मागच्याच जागी गेलो. तीच ओणवलेली फांदी, मागच्या वर्षीची एक फ्लाय गंजून अजून तिला लटकलेली. दगडाच्या सावलीत मासा होता. गुडघे पाण्यात टेकवून बसलो, पाणी इतकं गार की पाच मिनिटांत बोटं बधिर. बाहेर लाइन नऊ-दहा फूट. हात कानाशी नेला, थांबलो, झोळ खांद्यामागे आला हे न बघता मुठीत कळलं, आणि पुढे. फ्लाय फांदीखाली गेली, दगडाच्या हातभर वर पडली आणि वाहू लागली. मासा तिरका झाला, खाली खाली तिच्याबरोबर आला आणि घेतली.

रॉड दांड्यापर्यंत वाकला. मासा नऊ इंचांचा असेल. हात आधीच ओले होते. कुशीवर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट निळसर कडं, पोट पिकल्या संत्र्याच्या सालीसारखं पिवळं. काटा दाबलेला असल्याने गळ बोट लावताच सुटला. तळहातावर प्रवाहाकडे तोंड करून धरला, दोन-तीन श्वास घेतले त्याने, आणि गेला. चार दिवसांत तिथेच एकूण सात ब्राउन मिळाले, सगळे सोडले. जलचर, खालच्या अंगाला एक स्नो ट्राउटही लागला, पाण्यातच सोडला.

जलचर · २१ एप्रिल, रात्री ९:४०

मनापासून आभार. खालच्या अंगाला म्हणजे नेमकं कुठे, संगमाजवळ का? पाण्याचं तापमान मोजलं होतं का?

ओढ्याकाठी · २१ एप्रिल, रात्री ९:४६

संगमापासून चालत दहा मिनिटं वर, डाव्या काठाला. सकाळी मोजलं तेव्हा ९ अंश होतं.

सावलीतला_बांबू · २२ एप्रिल, सकाळी ७:३०

मानवेलीच्या बारा काठ्या निवडून सावलीत वाळत घातल्या आहेत. मापं सात फुटांची आली आहेत, साडेसातची करून द्या म्हणजे पट्ट्या तेवढ्या लांब ठेवतो. आणि गरीवाला काका, तुमची जुनी काडी किती फुटांची आहे आणि कोणत्या बांबूची, तेवढं कळवा.

गरीवाला_कामठी · २२ एप्रिल, सकाळी ८:०२

अकरा फूट. मानवेलच आहे भाऊ, रामटेकच्या बाजारातून आणली होती. सहा पेरं शेंड्याकडची बारीक तासली आहेत, पाहिजे असेल तर घेऊन जा, बघून परत द्या.